मागच्या कोपऱ्यातली शिरगणती

बालवर्गाच्या ताईंना गांडुळाची किळस यायची. हे त्यांनी शाळेत कोणाला सांगितलं नव्हतं, कारण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पहिल्याच महिन्यात परिसराचा विषय त्यांच्या गळ्यात घातला होता. सोबत चार तक्ते दिले होते. त्यांवर वाघ, हत्ती, देवमासा आणि एक भलंमोठं झाड. पाच वर्षांच्या बावीस मुलांनी ते दोन मिनिटं पाहिले आणि मग एकमेकांच्या चपला लपवायला सुरुवात केली.

एकटी एक मुलगी तक्त्यापाशी उभी राहिली. तिला सगळे फौजदार म्हणायचे. कोणी डबा खाताना सांडलं, कोणी नळ उघडा ठेवला, कोणाच्या वहीत कोणाचं चित्र गेलं, सगळा तपास तिच्याकडे असायचा.

"ताई, हा देवमासा आपल्या शाळेत कुठे राहतो?"

"आपल्या शाळेत नाही राहत. समुद्रात राहतो."

"मग आपल्या शाळेत कोण राहतं?"

ताईंनी तक्ते गुंडाळले आणि त्या मुलांना घेऊन शाळेच्या मागे गेल्या. पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक ओलसर कोपरा होता. टाकी झिरपायची. तिथे जुन्या विटा पडल्या होत्या, पाचोळा कुजत होता, आणि झाडणाऱ्या मावशींशिवाय तिकडे कोणी फिरकत नव्हतं. ताईंनी मन घट्ट करून एक वीट उलटी केली. खाली जे होतं ते पाहून त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि बावीस मुलं चार पावलं पुढे आली.

तिथून सगळं सुरू झालं. दर गुरुवारी तीन विटा आणि एक ओलं पोतं उचलायचं, खाली कोण कोण आहे ते मोजायचं, प्रत्येकासाठी मोठ्या कागदावर एक ठिपका द्यायचा. ताईंनी त्याला शिरगणती म्हटलं आणि मुलांना तो शब्द इतका आवडला की ती घरीही चमच्यांची शिरगणती करू लागली. नावं मुलांनीच ठेवली. हात लावला की गोळी होणारा तो गोळ्या. पायांची रांग घेऊन चालणारा तो आगगाडी. भिंगातून पाहिलं तरच दिसणारे, टुणकन उडणारे पांढरे ठिपके, ते टुणूक. गांडुळाला मात्र सगळे गांडूळच म्हणत, कारण ते नाव त्यांना आधीच पुरेसं मजेशीर वाटायचं.

नियम दोनच होते. ज्याला जिथून उचललं त्याला तिथेच ठेवायचं. आणि वीट हळू टेकवायची, कारण ते कोणाचं तरी छप्पर आहे.

एकदा त्यांनी चार खड्डे केले आणि चार गोष्टी पुरल्या: एक पान, केळ्याची साल, सुती चिंधी आणि बिस्किटाच्या पुड्याचा चकचकीत कागद. महिन्याने उकरलं तर साल गायब, पानाची नुसती जाळी उरलेली, चिंधीला भोकं पडलेली. पुड्याचा कागद जसाच्या तसा. फौजदाराने तो धुऊन उजेडात धरला, उलटसुलट पाहिला आणि निकाल दिला, "याला कोणीच खाल्लं नाही. म्हणजे हे जेवणच नाहीये."

त्या दिवशी ताईंनी पहिल्यांदा गांडूळ तळहातावर घेतलं. अंगावर काटा आला, पण हात मागे घेतला नाही. गार, हलकं आणि घाबरलेलं होतं ते. आपल्यापेक्षा तेच जास्त घाबरलंय हे कळल्यावर किळस कुठल्या कुठे पळाली.

चार महिन्यांत कागदावरचा आकडा एकशे चाळीसवर गेला. ताईंनी कोपऱ्यात लावायला एक पाटी रंगवून घेतली. प्रत्येक मुलाने तिच्यावर एकेक चित्र काढलं आणि मध्ये ताईंनी लिहिलं, "हळू चाला. इथे लोक राहतात."

मग खिशाचं प्रकरण झालं. फौजदाराने एक गांडूळ आईला दाखवायला म्हणून फ्रॉकच्या खिशात घालून घरी नेलं. नियम तिला पाठ होता, पण गांडुळाला सकाळी परत आणून सोडायचंच आहे, म्हणजे नियम मोडत नाही, असा तिने सोयीचा अर्थ लावला. घरी गेल्यावर ती विसरली. तिची आई कपडे धुण्याच्या दुकानात कामाला होती.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण शब्द धारदार होते.

"मी दिवसभर लोकांचे खिसे तपासते. किल्ल्या निघतात, रुमाल निघतात, एकदा दात निघाला होता. पण माझ्या पोरीच्या खिशात हे निघावं? उद्या साप निघाला तर कोणाला विचारू?"

ताईंनी माफी मागितली. मोठ्या बाईंनी दोघींना पाणी दिलं. त्याच आठवड्यात शाळेच्या स्वयंपाकघरात झुरळं दिसली आणि मोठ्या बाईंनी शनिवार-रविवारच्या सुट्टीत औषध फवारून घ्यायचं ठरवलं. त्या फवारणीवाल्यासाठी चिठ्ठी लिहीत असताना ताई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, मागचा कोपरा तेवढा सोडायला सांगाल?"

"सांगते त्याला. काळजी करू नकोस."

मोठ्या बाई शब्दाच्या पक्क्या होत्या. पण त्या शुक्रवारी वरून तपासणीचं पत्र आलं, एका शिक्षिकेचं पोर आजारी पडलं, टाकीचा पंप जळाला. चिठ्ठीवर "स्वयंपाकघर, संडास, मागची बाजू" असं जे लिहिलं गेलं होतं, ते तसंच राहिलं.

सोमवारी ताई मुलांच्या आधी आल्या. कोपऱ्यापाशी जाताच नाकाला वास झोंबला. पोत्याच्या कडेने आगगाड्या वेटोळी करून पडल्या होत्या. गांडुळं वर आली होती आणि वरच सुकली होती. गोळ्या उताणे. ताईंनी एक वीट उचलली, खाली पाहिलं आणि परत ठेवली. हळू ठेवायची गरज नव्हती, तरी हळूच ठेवली.

फाटकात मुलांचा आवाज आला. ताईंनी टाकीवरची निळी ताडपत्री ओढली, कोपऱ्यावर पसरली आणि चारही टोकांना विटा ठेवल्या.

"ताई, हे का झाकलंय?"

"ते सगळे गावाला गेलेत," ताई म्हणाल्या. "आपणही सुट्टीत जातो ना, तसे."

मुलांना पटलं. इतकं पटलं की त्यांनी बसून गावाला गेलेल्यांना पत्रं लिहिली, म्हणजे चित्रं काढली. गोळ्याच्या हातात पिशवी, आगगाडीच्या प्रत्येक पायात बूट. ताई ती चित्रं भिंतीवर लावत होत्या आणि प्रत्येक टाचणीबरोबर त्यांना आतून टोचत होतं. बावीसपैकी एकवीस पत्रं आली. फौजदार कागद कोरा ठेवून बसली होती.

"तुला नाही लिहायचं?"

"गांडुळं कशी गेली गावाला? त्यांना पाय नाहीत."

ताईंनी विषय बदलला.

मधल्या सुट्टीत फौजदाराने तपास केला. ताईंना कळलं तेव्हा ती ताडपत्री बाजूला करून मातीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून बसली होती. समोर एका ओळीत तिने मेलेली गांडुळं मांडली होती, लहानापासून मोठ्यापर्यंत. ती रडत नव्हती. मोजत होती.

ताईंनी तिला उचललं, नळाखाली धरलं आणि साबणाने हात धुऊ लागल्या. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"ताई, बास ना. किती धुताय?"

"थांब जरा."

"माझा गाल चुरचुरतोय."

तिने मातीच्या हाताने गाल खाजवला होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ताई नळापाशीच खाली बसल्या आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "त्या मातीत विष आहे. झुरळं मारायचं. चुकून तिथेही पडलं. मला सकाळीच माहीत होतं."

फौजदाराने ओले हात फ्रॉकला पुसले. "मग तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं? मी हात घातलाच नसता."

ताईंनी मोठ्या बाईंना हाक मारली. मोठ्या बाईंनी आधी मुलीच्या आईला निरोप धाडला, मग फवारणीच्या पावतीवरचा नंबर लावला. फवारणीवाला जवळच एका दुकानात काम करत होता. वीस मिनिटांत आला. पन्नाशी ओलांडलेला, किरकोळ अंगाचा माणूस, पाठीवर पंप तसाच. पंप त्याने फाटकाबाहेर उतरवला, हात धुतले आणि मगच आत आला.

मुलीचा गाल त्याने लांबूनच पाहिला. "पाण्याने झोंबणं जात नाही. थोडं खायचं तेल लावा. संध्याकाळपर्यंत कमी होईल. माझ्या हातांना आठवड्यातून दोनदा होतं. पण लहान आहे, डॉक्टरांना दाखवाच." त्याने औषधाचं नाव कागदावर लिहून दिलं.

तोवर आई पोचली. तिने कोणाशी भांडण केलं नाही. मुलीला तेल लावलं, कागद घेतला, आणि निघताना ताईंना म्हणाली, "सगळं ऐकलं तिच्याकडून. आधी खरं बोलायला शिकवा. गांडुळं मग."

डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. निरोप आला तेव्हा ताई रिकाम्या वर्गात चित्रांखाली बसल्या होत्या. फवारणीवाला गेला नव्हता. तो मागच्या कोपऱ्यात उभा राहून ती एका ओळीत मांडलेली गांडुळं बघत होता. मग वर्गाच्या दारात आला.

"ताई, एक सांगायचंय. मी पाटी वाचली होती."

ताईंनी मान वर केली.

"'इथे लोक राहतात.' चित्रंही पाहिली. मला कळलं होतं की हे पोरांचं काहीतरी आहे. फोन करून विचारता आलं असतं. पण चिठ्ठीवर मागची बाजू लिहिलं होतं आणि अजून दोन ठिकाणी जायचं होतं. मारलं औषध."

ताईंना त्याच्यावर रागावायचं होतं. दुपारपासून त्या राग जमवत होत्या. पण हा माणूस आपण होऊन सांगत होता, आणि त्यांनी स्वतः सकाळी ताडपत्री ओढली होती.

"हे मुलांना सांगाल?" त्यांनी विचारलं.

"सांगतो," तो म्हणाला. "पण मला लहान पोरांशी बोलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी तो आला, धुतलेला शर्ट घालून. बालवर्गात मोठ्यांसाठी खुर्ची एकच होती आणि ती त्याने नको म्हटली. तो मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसला, गुडघे हनुवटीला टेकले. फौजदार पहिल्या रांगेत होती. गालावर काही उरलं नव्हतं.

"मी फवारतो," त्याने सुरुवात केली. "झुरळं, ढेकूण, वाळवी. मागच्या कोपऱ्यातले सगळे मी मारले."

एका मुलाने विचारलं, "तुम्ही माणसांना पण मारता?"

"नाही."

"त्यांनी तुमचं काय केलं होतं?"

"काही नाही."

"मग?"

"मला सांगितलं होतं म्हणून. आणि मी थांबून विचारलं नाही म्हणून."

"तुम्हाला वाईट वाटतं का?" हे मागच्या रांगेतून आलं.

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "झुरळांचं नाही वाटत. खोटं कशाला बोलू. यांचं वाटलं."

ताई उठून त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "मीही चुकले. ते गावाला गेलेत हे मी खोटं सांगितलं."

"का?" फौजदाराने विचारलं.

"तुम्ही रडाल म्हणून."

"पण आम्ही आत्ता पण रडतोय," ती म्हणाली, आणि खरंच चार-पाच जण रडत होते. ताईही त्यांच्यात होत्या.

रडून झाल्यावर मुलं नेहमीप्रमाणे पुढच्या कामाला लागली. आता काय करायचं? एकाच्या घरी कुंडीत गांडुळं होती, ती आणू म्हणाला. फवारेकाकांनी, हे नाव तोवर पक्कं झालं होतं, मान हलवली. "घरात विष असताना पाहुणा बोलवायचा का? आधी घर साफ करायचं."

ते त्याने स्वतः केलं. शनिवारी जाड हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून त्याने पाचोळा आणि वरची वीतभर माती पोत्यांत भरली आणि ती पोती आपल्या गाडीतून नेली. विटा उन्हात मांडल्या. कोपऱ्याभोवती दोरी बांधली. औषध उन्हाने आणि दिवसांनी मरतं, त्यालाही वेळ लागतो, तोवर दोरीच्या आत कोणी नाही, हे त्याने सोमवारी मुलांना समजावलं. चार दिवसांनी रिक्षातून मोठ्या बाईंच्या घरच्या दोन मोठ्या कुंड्या आल्या, मातीने भरलेल्या. "ही माती तिथे घाला," त्या ताईंना म्हणाल्या. "माझ्या हातून विसरलं गेलं. ते मुलांनाही सांग." ताई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा ना." आणि मोठ्या बाईंनी सांगितलं, चष्मा पुसत पुसत.

त्यानंतर गुरुवार सुरू झाले. शिरगणतीचा नवीन कागद लावला. महिनाभर दोरीबाहेर उभं राहून मोजायचं ठरलं. पहिल्या गुरुवारी कोणी नव्हतं. कागदावर शून्य काढलं. दुसऱ्या गुरुवारी शून्य. मुलांना ठिपके द्यायची सवय होती, शून्य काढायला कोणी पुढे येईना. "काहीच नाही तर लिहायचं कशाला?" एकाने विचारलं. फवारेकाका जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन आले होते. घास हातात धरून ते म्हणाले, "नाही लिहिलं तर पुढे कोणाला कळणार, इथे कोणी नव्हतं म्हणून?"

तिसरं शून्य फौजदाराने काढलं. चौथं आणि पाचवंही तिनेच.

महिन्याने दोरी सुटली, कुंड्यांतली माती पसरली, विटा परत मांडल्या आणि नवं ओलं पोतं अंथरलं. सहाव्या गुरुवारी एक मुंगी आली. तिच्यावरून वर्गात मोठा वाद झाला. ती राहायला आलीय की नुसती चाललीय? चालणाऱ्याला मोजायचं का? अर्धा तास खडाजंगी झाली. शेवटी मुंगीच्या मागून दुसरी आली आणि दोघी मिळून विटेखालच्या फटीत शिरल्या, तेव्हा दोन ठिपके पडले.

आठव्या आठवड्यात कुंडीतून आलेल्या मातीत टुणूक दिसले. ताईंनी फवारेकाकांच्या हातात भिंग दिलं. ते बराच वेळ ओणवे राहिले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला नाही माहीत?" फौजदाराला हे खरं वाटेना.

"एवढा बारीक जीव मी कधी बघितलाच नाही. आणि बाकीचे मी नेहमी उताणे बघितले," ते म्हणाले. "पोट माहितीये मला सगळ्यांचं. पाठ आत्ता बघतोय."

तिने मग त्यांना एकेक करून शिकवलं. गोळ्याला हात कसा लावायचा, आगगाडीला वाट कशी द्यायची, हे गोळ्या आणि आगगाड्या परतण्याची वाट न बघता तिने जुन्या चित्रांवरून समजावून सांगितलं. काका शाळकरी पोरासारखे मान डोलवत होते. घरी त्यांच्या बायकोने विचारलं, "अहो, गुरुवारी डबा घेऊन नेमकं जाता कुठे?" त्यांनी सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, "सव्वीस वर्षं बाहेरच आंघोळ करायला लावून घरात घेते तुम्हाला. आता बालवर्गात घेतलं म्हणा की."

धंदा त्यांनी सोडला नाही. सोडून करणार काय. पण शाळेच्या स्वयंपाकघरात ते आता फवारत नाहीत, ओट्याच्या फटींत वाटाण्याएवढं औषध चिकटवतात. आणि नवीन ठिकाणी गेलं की पंप उतरवायच्या आधी विचारतात, "तुम्हाला नेमकं कोण नकोय?" काही गिऱ्हाईकं हसतात. काही विचारात पडतात. एका बाईंनी म्हणे बागेत फवारायचं रद्द केलं, फक्त मोरी सांगितली.

वर्ष संपताना शेवटची शिरगणती झाली. आकडा सेहेचाळीसवर आला. त्यात तीन गांडुळं होती. मुलांनी जुना कागद काढून शेजारी लावला आणि एकशे चाळीस कधी होणार म्हणून विचारलं. काकांनी सांगितलं की त्यांना माहीत नाही. ताईंनी सांगितलं की त्यांनाही माहीत नाही. दोघांच्याही तोंडी ते उत्तर आता सहज बसलं होतं.

त्या दिवशी फौजदाराची आई दुकानातून परस्पर मुलीला न्यायला आली. तिने कोपऱ्यात डोकावून पाहिलं, नाकाला रुमाल लावून. मग ताईंना म्हणाली, "घरी आली की हिचे खिसे मी तपासतेच हं, आधीच सांगते." ताई म्हणाल्या, "तपासाच." मुलगी दोघींच्या मधून निघाली आणि वाटेतल्या ओल्या पोत्याला वळसा घालून फाटकाकडे गेली. आईनेही मग वळसा घातला.